गरजवंताची संमती

'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण आपण सहज बोलून जातो. खरे पाहता ती गरजवंतावर अन्याय करणारी आहे. त्याला अक्कल असते; 'नाही' म्हणण्याची सोय मात्र नसते. घरात पुराचे पाणी शिरले आहे, मूल तापाने फणफणले आहे, आणि अशा वेळी कोणी औषधाची पेटी घेऊन दारात उभा राहिला, तर 'हे औषध कसले? नेहमीचे की नवे?' असे विचारायचा धीर किती जणांना होईल? भूकंप, महापूर, साथ किंवा युद्ध यांत सापडलेल्या माणसांवर आरोग्यविषयक संशोधन करावे काय, आणि करायचे तर कोणत्या मर्यादेत, याचा आज थोडा विचार करू.

पुष्कळांना वाटेल, माणसे मरत असताना संशोधन कसले करता? आधी उपचार करा! हे बोलणे भल्या मनाचे आहे, पण अपुरे आहे. काही रोग साथीतच मोठ्या प्रमाणावर दिसतात. त्यांच्यावर कोणता उपाय लागू पडतो, हे त्याच वेळी पाहिले नाही, तर पुढच्या साथीतही आपण अंधारातच चाचपडत राहू.

1971 सालची गोष्ट पाहा. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगला देशातून, लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावण्यांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठराविक प्रमाणात पाण्यात मिसळून ते तोंडाने पाजायला सुरुवात केली. या पाण्याचा अभ्यास ढाका व कलकत्ता येथे आधीच झालेला होता. डॉक्टर थोडे आणि रोगी फार, अशा ठिकाणी घरच्या माणसांनी ते पाजले तर चालेल काय, एवढे पाहायचे उरले होते. मृत्यूचे प्रमाण पूर्वी शेकडा 30 च्या घरात होते, ते शेकडा 3.6 वर आले. तुलनेसाठी कोणाला हे पाणी नाकारण्यात आले नाही. ते सर्वांना मिळाले. नोंदी मात्र नीट ठेवल्या गेल्या आणि 1973 साली प्रसिद्ध झाल्या. आपल्या आरोग्यकेंद्रात मिळणारी जलसंजीवनीची पुडी त्याच वंशातली, बरं का!

आता दुसरी बाजू. 1996 साली उत्तर नायजेरियातील कानो शहरात मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापाची मोठी साथ आली. त्याच वेळी फायझर या अमेरिकन औषध कंपनीने तेथील रुग्णालयात 200 मुलांवर चाचणी केली. 100 मुलांना कंपनीचे नवे औषध दिले आणि 100 मुलांना आधीपासून वापरात असलेले औषध दिले. त्यांतली 11 मुले दगावली. पहिल्या गटातली 5 आणि दुसऱ्या गटातली 6. आकडे पाहता नवे औषध अधिक घातक ठरले, असे म्हणता येत नाही. वाद झाला तो संमतीवरून. आमच्या मुलांवर प्रयोग चालला आहे हे आम्हांला सांगितलेच नाही, असे पालक म्हणाले. तोंडी संमती घेतली होती, असे कंपनी म्हणाली. त्याच आवारात एक सेवाभावी वैद्यकीय संस्था नेहमीचे औषध फुकट देत होती. तिकडे जाण्याची मुभा आपल्याला आहे, हे त्या आईबापांना कळले होते काय? मुद्दा तोच आहे. पुढे 2009 साली कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. पण त्याआधीच, 2003 साली, त्या भागातील लोकांनी पोलिओची लस नाकारली होती. त्याला कारणे अनेक होती. या प्रकरणातून आलेला अविश्वास त्यांतलेच एक. एकदा विटलेल्या मनाचे मोल असे दुसऱ्या पिढीतल्या मुलांना द्यावे लागते.

संमतीचा हा पेच आपल्या मुंबईलाही नवा नाही. 1896 साली तेथे प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी आपण होऊन पुढे आले, त्यांना ती टोचण्यात आली. स्वतःपासून सुरुवात करण्याचा हा मोठेपणा मानलाच पाहिजे. तरीही बाहेर प्लेग आणि दाराला कुलूप, अशा स्थितीतल्या माणसाचा होकार कितपत मोकळा मानायचा, हा प्रश्न उरतोच.

मग मार्ग काय? पश्चिम आफ्रिकेत 2014 ते 2016 या काळात इबोलाची साथ होती. तीत 11,000 हून अधिक माणसे मेली. 2015 साली गिनी देशात लसीची चाचणी झाली. रोग्याच्या सान्निध्यात आलेल्या माणसांचे गट केले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवून काही गटांना लस लगेच, तर काहींना 21 दिवसांनी दिली. कोणालाही खोटी लस टोचली नाही. लगेच लस घेतलेल्यांत दहा दिवसांनंतर एकही नवा रोगी आढळला नाही. हे दिसताच वाट पाहायला लावणे बंद झाले आणि सर्वांना लगेच लस मिळू लागली. शास्त्राची शिस्तही राहिली आणि माणुसकीही.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, तसेच नीतिनियमांचेही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2017 साली संशोधनाचे जे नीतिनिर्देश प्रसिद्ध केले, त्यांत आपत्कालीन संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. घाईच्या वेळी नीतिसमितीने आपले काम लवकर उरकावे, पण वगळू नये, असा त्याचा रोख आहे. सगळ्याचे सार एवढेच, की जे संशोधन शांततेच्या काळी होऊ शकते, ते आपत्तीत करू नये. मदत आणि प्रयोग यांची गल्लत होऊ देऊ नये. 'नाही' म्हणणाऱ्याचे धान्य, तंबू किंवा औषध तसूभरही कमी होता कामा नये. आणि जे ज्ञान हाती येईल, त्याचा लाभ त्या लोकांना आधी मिळावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना येथे एक विशेष काम आहे. संशोधनात भाग घेणाऱ्या माणसाला वाचता येत नसेल, तर माहितीपत्रक त्याला वाचून दाखवावे लागते आणि त्या वेळी एक तटस्थ साक्षीदार लागतो. गावात असा साक्षीदार म्हणून पुष्कळदा गुरुजींनाच बोलावले जाईल. सही करण्यापूर्वी आपण त्या माणसालाच विचारावे, 'तुला काय समजले, ते तुझ्या शब्दांत सांग पाहू.' हे औषध सिद्ध झालेले की तपासले जाणारे, मध्येच सोडता येते काय, अपाय झाल्यास खर्च कोण करणार, आणि 'नको' म्हटले तर उपचार चालू राहतील ना, या चार गोष्टी त्याला सांगता आल्या, तर खुशाल सही करावी. सांगता आल्या नाहीत, तर पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावावे. संशोधकाची दहा मिनिटे जास्त जातील. तेवढी त्याने द्यायलाच हवीत.