‘रामायण’ पाहत चालल्यास वजन किती घटेल? मोह आणि व्यायाम यांच्या सांगडीचे गणित

बेंगळुरू : होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव मिळालेल्या येथील एचएसआर लेआउट या वसाहतीत व्यायामाच्या साधनांची वानवा नाही. अगरा तलावाच्या काठाने फिरण्यासाठी वाट आहे, व्यायामशाळा आहेत आणि अनेक गृहसंकुलांत रहिवाशांसाठी ट्रेडमिल व व्यायामाच्या सायकलीही आहेत. वानवा आहे ती वेळेची आणि त्याहून अधिक इच्छेची. दिवस संगणकासमोर बसून जातो, संध्याकाळ सिल्क बोर्ड चौकातील वाहनकोंडीत सरते आणि रात्री उरलेला तास आपसूक पडद्यापुढे जातो.

हाच तास व्यायामासाठी वापरण्याचा एक सोपा उपाय जगभर अनेकांनी अंगीकारला आहे. आवडती जुनी मालिका पाहायची, पण ती ट्रेडमिलवर चालताना किंवा सायकल चालवतानाच. सोफ्यावर बसून एकही भाग पाहायचा नाही. या उपायामागे वर्तनशास्त्राचा आधार आहे. मात्र त्याने वजन किती घटते, याचे उत्तर अपेक्षेपेक्षा बरेच माफक आहे. हे दोन्ही समजून घेतले, तरच उपाय टिकतो.

मोहाची कर्तव्याशी सांगड

जे करावेसे वाटते ते, जे करायला हवे त्याच्याशी बांधून टाकण्याच्या या पद्धतीला वर्तनशास्त्रात ‘टेम्प्टेशन बंडलिंग’ म्हणतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्राध्यापक कॅथरीन मिल्कमन यांनी ज्युलिया मिन्सन आणि केविन व्होल्प यांच्यासह या कल्पनेची प्रत्यक्ष चाचणी घेतली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यात २२६ जणांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला उत्कंठावर्धक कादंबऱ्यांची श्राव्य पुस्तके असलेली उपकरणे देण्यात आली, पण ती व्यायामशाळेतच ठेवलेली असत. पुढे काय घडले हे ऐकायचे, तर तेथे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसऱ्या गटाला अशीच पुस्तके त्यांच्या स्वतःच्या उपकरणांवर दिली आणि ती फक्त व्यायाम करताना ऐकावीत, असे सुचवले. तिसऱ्या गटाला असे काहीच दिले नाही. सुरुवातीच्या काळात तिसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्या गटाच्या व्यायामशाळेतील फेऱ्या ५१ टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटाच्या २९ टक्क्यांनी अधिक होत्या.

हा परिणाम कायम राहिला नाही. आठवडे सरत गेले तसा तो ओसरला आणि नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर जवळपास नाहीसा झाला. तरीही अभ्यासाच्या अखेरीस ६१ टक्के सहभागींनी, उपकरण व्यायामशाळेतच अडकवून ठेवण्याच्या सोयीसाठी पदरचे पैसे मोजण्याची तयारी दाखवली. स्वतःच्या मोहाला कोणीतरी कुलूप लावावे, अशी माणसाची इच्छा असते, याचे हे बोलके उदाहरण मानले जाते.

पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एका व्यायामशाळा साखळीच्या ६,७९२ सदस्यांचा समावेश होता. मोफत श्राव्य पुस्तक देऊन ते व्यायामाशी जोडण्याचा सल्ला दिलेल्या सदस्यांमध्ये, आठवड्यात किमान एकदा व्यायाम होण्याची शक्यता १० ते १४ टक्क्यांनी वाढली. हा परिणाम उपक्रम संपल्यानंतर सतरा आठवड्यांपर्यंत दिसून आला. हे दोन्ही प्रयोग श्राव्य पुस्तकांचे होते, मालिकांचे नव्हते. तथापि उत्कंठेवर व्यक्तीला परत आणण्याचे तत्त्व तेच आहे.

जुनीच मालिका का?

रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून सुरू झाली. दर रविवारी सकाळी ती लागली की रस्ते ओस पडत, ही आठवण त्या पिढीतील घराघरांत सांगितली जाते. तिच्यानंतर बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाले आणि त्याचे ९४ भाग झाले. टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’चे पुनःप्रसारण झाले, तेव्हाही प्रेक्षकांनी ते उचलून धरले.

त्या काळी पुढचा भाग पाहण्यासाठी आठवडाभर थांबण्यावाचून पर्याय नव्हता. ही प्रतीक्षा दूरदर्शनच लादत असे. आता एक भाग संपण्याआधीच दुसरा सुरू होतो आणि प्रेक्षक हलण्याचे कारणच उरत नाही. व्यायामाची अट घालून घेणे म्हणजे ती हरवलेली प्रतीक्षा स्वतःहून परत आणणे होय.

जुन्या मालिकेचे आणखीही काही फायदे आहेत. कथा ठाऊक असल्याने यंत्राच्या आवाजात एखादा संवाद निसटला, तरी धागा तुटत नाही. भागांची संख्या ठरलेली असल्याने वाटचालीला शेवट दिसतो. नवशिक्यांना छोटे भाग सोयीचे. आर. के. नारायण यांच्या कथांवरील आणि शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका कर्नाटकातीलच आगुंबे येथे चित्रित झाली. तिचा एक भाग साधारण वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. याउलट श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’चे ५३ भाग दीर्घ आहेत. ते चालण्याची सवय मुरल्यानंतर घेणे इष्ट.

लक्ष विचलित होण्याचा लाभ आणि मर्यादा

मालिका पाहताना श्रम कमी जाणवतात, हा अनुभव निव्वळ भास नाही. मंद आणि मध्यम गतीच्या व्यायामात संगीत किंवा दृश्ये मनाला श्वास व स्नायूंच्या तक्रारींपासून दूर नेतात. तोच व्यायाम हलका वाटतो आणि अधिक वेळ करता येतो. व्यायामाची तीव्रता बरीच वाढली, की मात्र शरीराचे संकेत इतके प्रबळ होतात की पडदा त्यांना झाकू शकत नाही. म्हणून ही पद्धत भरभर चालण्यासाठी किंवा बेताच्या गतीने सायकल चालवण्यासाठी योग्य आहे. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, ही मध्यम तीव्रतेची सोपी खूण आहे.

वजने उचलण्याच्या व्यायामात सगळे लक्ष हालचालीवरच असावे लागते. तेथे मालिका अडथळा ठरते आणि इजा होण्याचा धोका वाढतो.

७८ भागांचा हिशेब

आता मूळ प्रश्न. ७० किलो वजनाच्या व्यक्तीने संपूर्ण ‘रामायण’ ट्रेडमिलवर चालत पाहिले, तर किती वजन घटेल?

ऊर्जेचा खर्च मोजण्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरतात. एक मेट म्हणजे एका किलो वजनामागे तासाला सुमारे एक किलोकॅलरी. बसून दूरचित्रवाणी पाहण्यास साधारण १.३ मेट लागतात, तर ताशी पाच किलोमीटर वेगाने सपाटीवर चालण्यास सुमारे ३.५. बसून राहिले असते, तरी काही ऊर्जा खर्च झालीच असती. ती वजा केल्यावर चालण्याचा खरा लाभ २.२ मेटचा उरतो. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा बहुधा ही वजाबाकी करत नाही, म्हणून तो मोठा भासतो.

या हिशेबाने ७० किलोच्या व्यक्तीचा अतिरिक्त खर्च तासाला १५४ किलोकॅलरी होतो. एक भाग सरासरी ३५ मिनिटांचा धरला, तर एका भागात सुमारे ९० किलोकॅलरी. ७८ भागांचे साडेपंचेचाळीस तास आणि एकूण खर्च सुमारे ७,००० किलोकॅलरी. शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे राज्याभिषेकापर्यंत सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक चालून घटणारे वजन सुमारे ९०० ग्रॅम. आठवड्याला पाच भाग पाहिल्यास त्याला जवळपास सोळा आठवडे लागतील.

शिवाय हे गणित आहार तसाच राहील, असे गृहीत धरते. दहा ग्रॅम तेलात ९० किलोकॅलरी असतात. ‘रामायण’चा एक भाग चालून जे कमावले, ते चहाच्या दोन चमच्यांहून थोड्या अधिक तेलात परत मिळते. पडद्याकडे पाहत जेवल्यास माणूस नकळत जास्त खातो आणि त्यानंतरच्या खाण्यातही त्याचा परिणाम दिसतो, असे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष आहेत. त्यामुळे चालून झाल्यावर तीच मालिका ताटापुढे सुरू राहिली, तर कमावलेले सारे तेथेच संपते.

मग हे सारे कशासाठी?

वजनकाट्यावरील ९०० ग्रॅम हा या प्रयत्नाचा सर्वांत लहान लाभ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवले आहेत. ३५ मिनिटांचे पाच भाग म्हणजे १७५ मिनिटे. केवळ एका मालिकेच्या जोरावर हा किमान टप्पा पार होतो.

भारतात नेमका हाच टप्पा निम्म्या प्रौढांना गाठता येत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, २०२२ मध्ये देशातील सुमारे ४९ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. घरकाम आणि नोकरी सांभाळून फिरायला बाहेर पडणे ज्यांना जमत नाही, अशा स्त्रियांना घरातल्या घरात, आवडत्या मालिकेच्या सोबतीने चालणे हा सुकर मार्ग ठरू शकतो. त्यासाठी महागडे यंत्र अनिवार्य नाही. जागच्या जागी पावले टाकली, तरी चालते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे २०२३ मध्ये जाहीर झालेले निष्कर्षही हेच सुचवतात. त्यानुसार देशातील ३९.५ टक्के प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा, ३५.५ टक्क्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांमध्ये मधुमेह आढळला. नियमित चालण्याने रक्तदाब आणि रक्तशर्करा यांना आळा बसण्यास मदत होते आणि हा लाभ वजन फारसे न घटताही मिळतो. म्हणून काट्याइतकेच कमरेच्या मापाकडे पाहणे योग्य. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची सीमा मानली जाते.

घटलेले वजन राखण्यातही हालचालीचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत १९९४ पासून चालवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय वजन नियंत्रण नोंदवहीत, किमान साडेतेरा किलो वजन घटवून ते वर्षभर टिकवणाऱ्यांच्या सवयी नोंदवल्या जातात. त्यातील ९० टक्के लोक दररोज सरासरी तासभर व्यायाम करतात. त्याच वेळी ६२ टक्के लोक आठवड्याला दहा तासांपेक्षा कमी दूरचित्रवाणी पाहतात. म्हणजे पडदा हा मित्र तेव्हाच, जेव्हा बसून पाहण्याचे तास त्याने वाढवले नाहीत.

पाळावयाची पथ्ये

पहिले पथ्य अटीचे. निवडलेली मालिका व्यायामाविना पाहायची नाही. ही अट शिथिल झाली, की सांगड सुटते. दुसरे, पडदा डोळ्यांच्या रेषेत असावा. मान वाकवून हातातील मोबाइलकडे पाहत चालू नये. ट्रेडमिलचा आधारदांडा धरून चालल्यास श्रम आणि लाभ दोन्ही घटतात. तोल सांभाळता येत नसेल, तर वेग कमी करावा. यंत्र तत्काळ थांबवणारी सुरक्षा-दोरी कपड्याला अडकवावी आणि लहान मुलांना चालत्या पट्ट्यापासून दूर ठेवावे. हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आठवड्यातील दोन दिवस पडदा बंद ठेवून स्नायूंच्या व्यायामासाठी राखावेत. वजन घटवणे हाच मुख्य हेतू असेल, तर निर्णायक बदल स्वयंपाकघरात, विशेषतः तेल आणि साखरेच्या मापात करावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य खंडानंतरचे. मिल्कमन यांच्या प्रयोगात सुरुवातीचा उत्साह सुट्टीनंतर मावळला. आपल्याकडे दिवाळी, लग्नसराई, आजारपण किंवा कार्यालयातील कामाचा ताण अशी निमित्ते वर्षभर येत राहतात. खंड पडणार हे गृहीत धरून, परतल्यावर पाहायचा भाग आधीच ठरवून ठेवलेला बरा. अर्ध्यावर थांबलेली कथा माणसाला परत बोलावते. जेथे खंड पडला, तेथूनच पुढचे पाऊल टाकावे.