दुर्बिणीतून अपेंडिक्सची शस्त्रक्रिया

घाट उतरून कोकणात जाणाऱ्या वाटसरूंचा मुक्काम म्हणून पूर्वापार ओळखल्या जाणाऱ्या पनवेलमधून, पोट चिरण्याचा प्रसंग आला की रुग्णाला मुंबईस रवाना करण्याचा जो शिरस्ता दीर्घकाळ चालत आला, तो आता पुष्कळ अंशी मोडला असून, उरण-कर्जतच्या खेड्यांतून आलेल्या माणसाचे अपेंडिक्स आज पनवेलमध्येच दुर्बिणीतून निघू शकते.

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते, त्याच्या किंचित खाली लोंबणारी, बोटाएवढी ही आंधळी नळी. मळाच्या खड्याने वा सुजेने तिचे तोंड बंद झाले, की आत पू साठतो, आणि ती फुटली तर तो सबंध उदरात पसरून प्राणावर बेतते.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. बेंबीपाशी सुमारे 1 सेंटिमीटरचा छेद घेऊन कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवतात, तेथून दुर्बीण आत सोडतात आणि आणखी दोन बारीक छेदांतून हत्यारे घालतात. पडद्यावर नजर ठेवून शल्यचिकित्सक प्रथम अपेंडिक्सला रक्त पुरविणारी वाहिनी बंद करतो, मग मुळाशी धाग्याचे फास आवळून नळी कापतो आणि ती लहानशा पिशवीत घालून, जखमेला तिचा स्पर्श होऊ न देता, बाहेर काढतो. तत्पूर्वी सगळे उदर न्याहाळता येते, हा लाभ मला छोट्या व्रणाहूनही मोलाचा वाटतो. कारण तरुण स्त्रीच्या उजव्या कुशीतील दुखण्याचे मूळ पुष्कळदा बीजांडकोशात असते.

1980 साली जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने ही शस्त्रक्रिया प्रथम केली, तेव्हा त्याला वैद्यकीतून निलंबित करावे, अशी मागणी खुद्द जर्मन शल्यचिकित्सक संस्थेच्या अध्यक्षांनी केली होती. त्याआधी 1972 मध्येच मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी निदानासाठी दुर्बीण हाती घेतली होती आणि 1990 मध्ये पित्ताशयाची भारतातील पहिली दुर्बीण-शस्त्रक्रियाही त्यांनी तेथेच केली. श्रीमंतांची चैन समजले जाणारे हे साधन सरकारी रुग्णालयातील गरिबाच्याच अधिक उपयोगाचे आहे, हे त्यांनी ओळखले, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडीला, छेद लहान असल्याने, घरी लवकर जाता येणे आणि कामावर थोडे आधी रुजू होता येणे, म्हणजे बुडणारी मजुरी वाचणे होय.

अर्थात नळी फुटून आतडी चिकटली असतील, तर शल्यचिकित्सकाला मोठा छेद घ्यावा लागतो; तो निर्णय अपयशाचा नव्हे, सावधगिरीचा असतो, हे नातेवाइकांनी ध्यानी घ्यावे.

परंतु खरी हानी होते ती घरातल्या विलंबाने. बेंबीभोवती सुरू झालेली कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, भूक मेली, ओकारी वा ताप आला, चालताना पोटात चमक निघू लागली, तर गॅस म्हणून ओवा चावत बसू नका, एरंडेल किंवा जुलाब देऊ नका, पोट शेकू नका. कळ एकाएकी थांबली तरी निर्धास्त होऊ नका, कारण नळी फुटल्यानेही काही काळ आराम वाटतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णाला रुग्णालयात न्या.