सायकलवरचे पाहुणे आणि आपला सावलीचा रस्ता

मांडव्याच्या धक्क्यावर रविवारी सकाळी बोट लागली, की उतरणाऱ्यांत आता एक नवी जात दिसते. डोक्याला हेल्मेट, अंगात भडक रंगाचा सदरा आणि हातात पातळ चाकांची सायकल. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मार्च २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली. तिच्यात मोटारी चढतात तशा सायकलीही चढतात. तासाभरात माणूस शहरातून निघून नारळी-पोफळीच्या बागांत येऊन पोहोचतो.

कृषी खात्याच्या कामानिमित्त या पट्ट्यात हिंडताना शेतकरी मला हटकून विचारतात, "साहेब, मोटार घ्यायची ऐपत असलेली ही माणसे घाम गाळत सायकल का हाणतात?" प्रश्न रास्त आहे. सायकल ही आपल्याकडे गरजेची वस्तू, हौसेची नव्हे. पण ही माणसे ज्यासाठी येतात ती वस्तू आपल्या दारातच आहे. झाडांची सावली, वळणाचा रस्ता आणि शांतता, या तीन गोष्टी शहरात पैसे टाकूनही मिळत नाहीत.

कोठून कोठे जातात?

मांडव्याहून दक्षिणेला किनाऱ्याच्या बाजूने सासवणे, आवास, किहीम, नवगाव, थळ अशी गावे लागतात. अलिबागपर्यंत सारे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आहे. १८९१ साली याच गावात जन्मलेल्या या माणसाने पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवला. त्यांची शिल्पे त्या घरात पाहायला मिळतात. पुढे किहीमला पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो १९३० च्या सुमारास. थळच्या समोर समुद्रात खांदेरी दिसते. युनेस्कोने २०२५ साली जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत ती आहे.

ज्याला चढाची हौस तो आतल्या बाजूला वळतो. कनकेश्वर फाट्यावरून मापगावला गेले की समोर कनकेश्वराचा डोंगर उभा राहतो. उंची हजार फुटांहून अधिक, अंगभर झाडी. मापगावला सायकल ठेवायची आणि दगडी पायऱ्यांनी देवळापर्यंत चढायचे. तिसरी वाट अलिबाग–पेण रस्त्यावरची कार्ले खिंड. या बाजूची कार्ले, खंडाळे, तळवली ही पांढऱ्या कांद्याची गावे. भातानंतर घेतल्या जाणाऱ्या आपल्या या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी काय केले?

फ्रान्स म्हटले की पॅरिस डोळ्यांपुढे येते. पण त्या देशात लिमुझँ, मोर्वां असे डोंगराचे, जंगलाचे आणि गुराढोरांचे मुलूखही आहेत. तेथे अवजड वाहतूक मोठ्या रस्त्यांवर जाते आणि गावांना जोडणारे जिल्हा रस्ते बरेचसे निवांत राहतात. त्या रस्त्यांवर सायकल चालवायला देशोदेशीची माणसे येतात. मोटारीने सायकलला ओलांडताना वस्तीत एक मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर अंतर सोडलेच पाहिजे, असा तेथे कायदा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण शहरांकडे गेले आणि खेड्यांतली घरे ओस पडू लागली. तेव्हा अशी घरे नीटनेटकी करून पाहुण्यांना भाड्याने देण्याची प्रथा पडली. असे पहिले घर १९५१ साली सुरू झाले आणि १९५५ मध्ये अशा घरमालकांचा देशव्यापी संघ उभा राहिला. आज सायकलवाल्यांसाठी वेगळी पाटी मिळते. अट अशी, की घर सायकल मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत हवे, सायकल बंदोबस्तात ठेवायला जागा हवी आणि दुरुस्तीची हत्यारे हवीत. यात आपल्याला न जमण्याजोगे काय आहे?

पदरात काय पडेल?

हिशेब मांडून पाहू. समजा, मोसमात रविवारी दहा सायकलवाले तुमच्या ओटीवर थांबले. घावणे-चटणी, चहा, कोकम सरबत मिळून माणशी ८० रुपये धरले, तर ८०० रुपये येतील. त्यातला निम्मा खर्च वजा जाता ४०० उरतील. मोसमाचे ३० रविवार धरले, तर वर्षाला १२,००० रुपये. मजुरी घरच्यांची. यावर कोणी श्रीमंत होणार नाही आणि शेती सोडायला तर कोणी सांगतच नाही. पण हा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हातात येतो आणि मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतो. शिवाय जाताना पाहुणा कांद्याची माळ, वालाची डाळ, सुकी मासळी घेऊन गेला, तर दलाल मध्ये नसतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की भांबुर्डीच्या पाल्यातली पोपटी लावता येते. त्यासाठी लोक मुद्दाम येतील.

तयारी फार नको. पिण्याचे स्वच्छ पाणी, स्वच्छ संडास, सायकली टेकवायला सावली, हवा भरायचा पंप आणि पंक्चरचे सामान एवढे पुरे. दर पाटीवर लिहून ठेवा, माणूस पाहून बदलू नका. अन्न विकायचे तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी करावी लागते. ज्यांना मुक्कामाची सोय करायची आहे, त्यांनी राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करावी.

रस्ता राहिला तर पाहुणा राहील

आता मुद्द्याची गोष्ट. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि मुंबईच्या मोटारींना आपला जिल्हा जवळ आला. रेवस आणि करंजा यांना जोडणारा पूलही होऊ घातला आहे. पूल हवेतच. आजारी माणूस लवकर इस्पितळात पोहोचेल, भाजी लवकर बाजारात जाईल. पण मोटारी वाढल्या की रस्ता रुंद करायची मागणी येते आणि पहिली कुऱ्हाड कडेच्या आंब्या-वडावर पडते. दोन पिढ्यांनी वाढवलेली सावली दोन दिवसांत जाते.

पाहुणा नाही आला, तर दुसरीकडे जाईल. नुकसान आपलेच. याच रस्त्याने आपल्या मुली सायकलवर शाळेला जातात, कोळणी पाट्या घेऊन बाजाराला जातात, संध्याकाळी गुरे घरी येतात. ज्या रस्त्यावर परका माणूस निर्धास्त सायकल चालवतो, तो रस्ता आपल्या लेकरांनाही सुरक्षित असतो, हे ध्यानात ठेवा.

म्हणून सर्व रस्ते रुंद करण्याचा हट्ट धरू नये. मोठी वाहतूक मुख्य रस्त्याने जावी आणि गावातला रस्ता धिम्या वाहनांसाठी राहावा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. कोणता रस्ता कोणाचा, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून घ्या आणि ग्रामसभेत ठराव करून त्या कचेरीला पाठवा. ठरावात कडेच्या झाडांची मोजणी मागा. शाळेजवळ गतिरोधक मागा आणि त्यावर पांढरे पट्टे मागा, कारण न दिसणारा गतिरोधक सायकलवाल्याला पाडतो.

झाडांची निगा मात्र आपल्याच हाती आहे. खोडाला खिळे मारून पाट्या लावू नका. बुंध्याशी कचरा जाळू नका. मुळांवर सिमेंट ओतू नका, तेवढी माती मोकळी ठेवा. नवी झाडे मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावा. करंज, जांभूळ, आंबा ही आपल्या मातीत तगणारी झाडे आहेत. वड-पिंपळ घरांपासून लांब लावावेत. गुलमोहराच्या फांद्या वाऱ्याने मोडतात, म्हणून तो रस्त्याला नको. नारळही नको, कारण फळ डोक्यात पडते. रोप पुरुषभर उंचीचे घ्या, काटेरी कुंपण करा आणि पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी घाला. रस्त्यालगतच्या प्रत्येक घराने दोन झाडे वाटून घेतली, तर हे काम जड नाही.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गावरस्त्याच्या झाडांचा विषय लेखी अर्ज देऊन घालायला लावा. अर्जावर घरातल्या बायकांच्याही सह्या घ्या, कारण त्या रस्त्याने सर्वांत जास्त चालतात त्याच.