इंग्रजीने उघडी पाडलेली अडचण

साखरशेतसारख्या गावातली एखादी मुलगी आश्रमशाळेत शिकते, बारावी होते आणि जव्हारच्या महाविद्यालयात एफवायला येते. घरी वारली किंवा कोकणा, शाळेत मराठी, आणि आता विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत. पहिल्याच सत्रात केटी लागते. कारण सगळ्यांकडे तयार असतं: पाया कच्चा, इंग्रजीची बोंब. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण शिकवलेलं तोंडी बिनचूक सांगणारी मुलगी तोच मजकूर वाचताना अडखळत असेल, एकेक ओळ दोनदा वाचत असेल, येत असलेली उत्तरं वेळेअभावी सोडून येत असेल, तर मामला वेगळा, डिस्लेक्सियाचा, असू शकतो.

डिस्लेक्सिया म्हटलं की लोकांना ‘तारे जमीं पर’मधली नाचणारी अक्षरं आठवतात. पण बहुतेकांची मूळ अडचण डोळ्यांत नसते. बोललेल्या शब्दाचे आवाज सुटे करायचे आणि प्रत्येक आवाज चिन्हाशी झटकन जोडायचा, हे काम त्यांच्या मेंदूला जड जातं. बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही.

2001 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एराल्डो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी एक देखणा प्रयोग मांडला. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषक अशा डिस्लेक्सिया असलेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांना वाचायला देऊन त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. तिन्ही गटांत मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग कमी चेतत होता. तरीही इटालियन मुलं इतर दोन गटांपेक्षा बरीच बरी वाचत होती, कारण इटालियन जवळजवळ लिहिल्याबरहुकूम उच्चारली जाते. इंग्रजीत तसं नाही. ‘केमिस्ट्री’तला ‘सीएच’ एक बोलतो, ‘चेन’मधला दुसरंच.

मराठी बरीचशी इटालियनच्या पंगतीतली. तिच्याही खोडी आहेत. ‘स्थिती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी येते आणि तिचा उच्चार जोडाक्षरानंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांना 2002च्या अभ्यासात हिंदी वाचकही अशा शब्दांशी रेंगाळताना दिसले. (ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मात्र कुणाचं निदान करू नये, मग संपादकांसकट आम्ही सगळेच रांगेत उभे राहू.) एकूण मराठीत अशी मुलगी हळू, पण बरोबर वाचते. हळू वाचणं शाळेत खपून जातं. इंग्रजी आली की झाकलेलं उघडं पडतं.

निदानाची खरी गोची पुढे आहे. मानसोपचारातल्या ‘डीएसएम-5’ या प्रमाण संहितेनुसार नीट शिकवलंच गेलं नसेल किंवा शिकवण्याची भाषाच येत नसेल, तर त्या अडचणीला अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) म्हणू नये. नियम रास्त आहे. पण जव्हार-मोखाड्यात या दोन्ही शक्यता इतक्या ढळढळीत दिसतात, की त्यांच्यामागे तिसरी आहे का हे पाहायला कुणी जात नाही. मराठीतही तपासणी करणारं ‘डाली’ हे साधन 2015मध्ये आलं, पण ते पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी. एफवायच्या विद्यार्थिनीला त्याचा काय उपयोग?

कायदा तिच्या बाजूने आहे. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने 1996मध्येच केली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत जागा दिली. केंद्राच्या 2018च्या परीक्षा-सूचनांनी पात्र उमेदवाराला तासाला किमान 20 मिनिटं जादा दिली, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. त्याच वर्षीच्या निदानविषयक सूचनांनी 18व्या वर्षीचं प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरलं. 18 म्हणजे नेमकं एफवायचं वय. पण निदानाला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक लागतात, आणि ती माणसं मुख्यतः मुंबईसारख्या शहरांत भेटतात; जव्हारहून मुंबई शंभरावर किलोमीटर.

तोवर हातातला मोबाइल कामाला येतो. तो आता मराठीही वाचून दाखवतो. 2016मध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ छापील मजकूर वाचता न येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, केवळ अंधांसाठी नाही.

आणि एक चाचणी कोणताही प्राध्यापक वर्गात घेऊ शकतो. मात्र ती इंग्रजीत घेऊ नये, मराठीतच घ्यावी. सारख्याच अवघडपणाचे दोन मराठी उतारे निवडावेत. एक स्वतः वाचून दाखवून प्रश्न विचारावेत. दुसरा तिला घड्याळ लावून वाचायला द्यावा. ऐकलेलं चटकन समजत असेल आणि वाचायला वर्गमित्रांच्या दुप्पट वेळ लागत असेल, तर पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी द्यावी. दोन्हीकडे गाडी ठीक चालत असेल, तर अडचण बहुधा इंग्रजीची आहे. तिला इंग्रजीचे जादा तास हवेत, डॉक्टर नको.