व्हायरस आलाय, फॉरमॅट मार

लॅपटॉप काउंटरवर टेकायच्या आधीच निदान झालेलं असतं आणि औषधही ठरलेलं असतं. "व्हायरस आलाय, फॉरमॅट मार." काय होतंय, कधीपासून होतंय, यातलं काही सांगायचं नाही. डॉक्टरकडे गेल्यावर माणूस निदान "अंग मोडून आलंय" एवढं तरी बोलतो, सलाइन मागतो ते नंतर. आमच्याकडे थेट सलाइन. आणि चार्जर घरी.

मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी पाच ते नऊ औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात दुरुस्तीचं काम. मधूनच स्कूटी काढून गुलमंडी, पैठण गेट, निराला बाजार असा फेरा असतो. कुणाचा प्रिंटर नेटवर्कवर दिसत नाही, कुणाचं टॅली उघडत नाही. दोन वर्षांत हे एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहून काउंटरवर चिकटवावं म्हटलं. मालक म्हणाले, "लिही की, पण फॉरमॅटचं गिऱ्हाईक तोडू नको." म्हणून ते काउंटरवर न चिकटवता इथे लिहितोय.

हे वाक्य एकेकाळी खरं होतं, म्हणूनच ते मरत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला की घरी येताना त्यात काहीतरी बसून यायचं. फोल्डरसारखा दिसणारा 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई', सगळ्या फाइलींचे शॉर्टकट करून टाकणारे प्रोग्रॅम, असले प्रकार सर्रास होते. पेनड्राइव्ह लावताच आतला प्रोग्रॅम आपोआप सुरू करायची विंडोजची सवय त्यांच्या पथ्यावर पडायची. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हपुरती ती सवय बंद केली आणि २०११ साली एक्सपी, व्हिस्टालाही तसाच अपडेट दिला. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजच्या आतच येतो. म्हणजे ज्या व्हायरसच्या नावाने आजही बोटं मोडली जातात, त्याचा रस्ता बंद होऊन दशक उलटून गेलंय.

आजचा चोर वेगळा आहे. तुमचं मशीन संथ व्हावं हे त्याला परवडत नाही, कारण मग तुम्ही दुकानात येता. त्याला गुपचूप पासवर्ड हवे असतात. नाहीतर तो एका रात्रीत सगळ्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतो, तेव्हा शंका उरतच नाही. चोरून क्रिप्टोचं खाणकाम करणारे प्रोग्रॅम मात्र मशीनला खरंच दमवतात, ते अपवाद धरा. बाकी "चालू व्हायला दहा मिनिटं लागतात" याचा अर्थ व्हायरस, हे समीकरण मला भानामतीच्या जातीचं वाटतं. मराठवाड्यात एकेकाळी गावात काहीही बिघडलं की भानामतीचं नाव निघायचं. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, पण त्यात कॉम्प्युटरची तरतूद नाही.

मग खरं कारण काय? बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क. औरंगपुऱ्यातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. जूनमध्ये इथल्या पुस्तकाच्या दुकानात जा. काउंटरवर पन्नास पालक, आणि पुस्तकं माळ्यावर. माळ्यावर पोरगा एकच. प्रत्येक पुस्तकासाठी त्याने शिडी चढायची, शोधायचं, उतरायचं. पोरगा आळशी नसतो, शिडी एकच असते. लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारते आणि तिच्यावरची सुई दर वेळी सरकून योग्य जागी यावी लागते. इकडून-तिकडून तुकडे गोळा करायचे असतील तर सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर खेपा होतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, तिथे हाच आकडा हजारोंच्या घरात जातो. शिडी काढून सगळी पुस्तकं काउंटरवर मांडल्यासारखं.

विश्वास बसत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. प्रोसेसर १० टक्के, आणि डिस्क १०० टक्क्यांवर लाल होऊन बसलेली दिसली की निदान झालं. मेमरी नव्वदीच्या पुढे असेल तर रॅम कमी आहे. विंडोज ११ चार जीबी रॅमवर चालतं असं मायक्रोसॉफ्टच्या यादीत लिहिलंय, पण सहा आसनी रिक्षात बाराजण बसतातच की. चालणं आणि निभणं यात फरक आहे.

दुसरं कारण उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये शहर चाळीस अंशांच्या वर जातं, आणि आपल्या रस्त्यांच्या कृपेने पंख्याच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला असतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. हा बिघाड नाही, शहाणपण आहे. ब्रशने धूळ काढायची, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलायची, झालं. परवा एका काकांचा लॅपटॉप असाच साफ करून दिला तर म्हणाले, "म्हणजे व्हायरस धुळीतून आला होता?" मी हो म्हणालो. रात्रीचे पावणेनऊ वाजले होते.

इथे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. फॉरमॅट केल्यावर मशीन फास्ट कसं होतं मग? होतं, खरंच होतं. चालू होताना सोबत उठणारे वीस प्रोग्रॅम गेलेले असतात, गच्च भरलेली सी ड्राइव्ह मोकळी झालेली असते. पण हे वीस प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून दहा मिनिटांत बंद करता येतात. फरक एवढाच की त्या दहा मिनिटांचे पैसे कुणी देत नाही. फॉरमॅटचे देतात, कारण तीन तास मशीन दुकानात राहिलेलं दिसतं. आमच्या धंद्याने हा गैरसमज पोसलाय हे कबूल केलं पाहिजे. महिन्याभरात तेच वीस प्रोग्रॅम परत येतात, मशीन परत संथ होतं आणि गिऱ्हाईक परत येतं. डिस्क मरायला टेकली असेल तर फॉरमॅटने ती बरी होत नाही, फक्त आठवडाभर गप्प राहते.

आणि फुकट विंडोज टाकून घेतलं असेल तर गंमत आणखी वाढते. ते चालू ठेवायला जो ॲक्टिव्हेटर टाकतात, तो पहिली सूचना हीच देतो: अँटिव्हायरस बंद करा. व्हायरस काढायला आलेला माणूस बऱ्याचदा व्हायरस घेऊन घरी जातो तो असा.

नुकसानीचं सांगतो. पहिल्या वर्षी माझ्याच हातून झालेलं आहे. एक ताई आल्या, संशोधनाचं काम चाललेलं. "महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला आहे, सी खुशाल उडव." मी उडवली. डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइली सी ड्राइव्हमध्येच असतात, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोडही बहुधा तिथेच, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नाही. गावोगाव फिरून भरलेल्या प्रश्नावल्या डेस्कटॉपवर होत्या. जुन्या हार्ड डिस्कवरून पुष्कळदा डेटा परत काढता येतो, कारण झटपट फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. (म्हणून जुना कॉम्प्युटर नुसता फॉरमॅट मारून विकू नका.) पण त्यांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी होती. रिकामी झालेली जागा विंडोज एसएसडीला लगेच कळवतं आणि ती आतून साफ करून टाकते. काही मिळालं नाही. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसरा किस्सा फॉन्टचा, आणि तो मराठीतच घडू शकतो. लग्नपत्रिका छापणारे एक काका कॉम्प्युटर घेऊन आले. "व्हायरसने मराठीची इंग्रजी केली रे!" फाइल उघडली तर वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडकाला. चार दिवसांपूर्वी त्यांनी दुसरीकडून फॉरमॅट करून घेतला होता. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलाच जात नाही. फाइलमध्ये असतो इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक, आणि फॉन्ट त्यावर 'क'चं चित्र चढवतो. मुखवटाच म्हणा. फॉन्ट राहतात सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात. फॉरमॅटबरोबर मुखवटा गेला, खालचा चेहरा दिसला. फॉन्ट परत टाकले, पाच मिनिटांत मराठी परत आली. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, बहुतेकांना तर १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून. त्यात टाइप केलेला मजकूर कुठेही उघडला तरी मराठीच राहतो. छापखान्यांनी जुने फॉन्ट सोडले नाहीत, त्याला सवय आणि सुबक वळणं अशी दोन्ही कारणं आहेत. पण दोष व्हायरसचा नाही.

काका जाताना म्हणाले, "हुशार आहेस, मग इथे कशाला टाइमपास करतोस?" हाही एक गैरसमजच. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. नव्वदच्या दशकात गिऱ्हाइकांच्या मशीनवर व्हायरस दिसायला लागले, तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारा धाकटा भाऊ संजय त्यांच्यावर उतारा लिहायला बसला. त्यातून क्विक हील उभी राहिली आणि २०१६ साली शेअर बाजारात गेली. मी तेवढं करेन असं नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात जे पाठ करावं लागलं असतं ते मला काउंटरवर फुकट कळलंय.

उरलेले गैरसमज एकेका ओळीत. रिफ्रेश दाबल्याने कॉम्प्युटर ताजातवाना होत नाही, डेस्कटॉपवरची चित्रं परत मांडली जातात एवढंच, दहादा दाबलं तरी तेवढंच. शटडाउन करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे: विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप'मुळे शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, म्हणून रोज बंद होणाऱ्या मशीनचा 'अप टाइम' तेवीस दिवस दिसतो, अडलं की रीस्टार्टच करा. ४० एमबीपीएसच्या नेटवर डाउनलोड पाचच्या आसपास दिसतं ती फसवणूक नाही, आठ बिटांचा एक बाइट होतो. इनकॉग्निटोने हिस्टरी तुमच्या मशीनवर राहत नाही, कॉलेजच्या नेटवर्कला कोणती साइट ते कळतंच. विंडोज १० बंद पडलेलं नाही, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपलाय, सुरक्षेचे अपडेट हवे असतील तर मुदतवाढ घ्यावी लागते. आणि आयटीवाला मुलगा इन्स्टाग्राम हॅक करून देत नाही. विचारूही नका, विशेषतः ज्यांनी गेल्या आठवड्यात विचारलं त्यांनी.

एक मात्र ओळीत संपणारं नाही. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस दिसतोय," असा फोन आला की घाबरून लोक सांगतील ते ॲप टाकतात. आम्हीही दुरून मदत करायला एनीडेस्क वापरतो, त्यामुळे ते नाव ओळखीचं वाटतं आणि तिथेच घात होतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच या ॲपबाबत बँकांना सावध केलं होतं. तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे हे सांगायला मायक्रोसॉफ्ट कधीही आपणहून फोन करत नाही. तुम्ही स्वतः बोलावलेलं नसेल त्याला स्क्रीन दाखवू नका. पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, आमच्याकडे नंतर या. आम्ही पैसे अडवू शकत नाही, वेळेत कळलं तर बँक अडवू शकते.

तर पुढच्या वेळी याल तेव्हा तीन गोष्टी सांगा: काय होतंय, कधीपासून होतंय, आणि त्याआधी काय टाकलं होतं. डेस्कटॉपवर काय आहे ते आठवून ठेवा. आणि चार्जर आणा.