पात्राच्या हाती शस्त्र देताना

ऐतिहासिक नाटकात काम मिळाले की मुले पहिल्यांदा काय मागतात? संवाद नव्हे, तलवार! महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांची नाटके बसवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हे अनुभवाने सांगतो. तलवार हाती आली की पोराची छाती फुगते, आवाज चढतो आणि त्याच्यातला मावळा मात्र कुठल्या कुठे पळून जातो.

हा प्रश्न आता रंगभूमीपुरता राहिलेला नाही. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ निघाला. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचे, त्या पात्राचे गुणदोष कागदावर मांडायचे आणि पुढचे बरेचसे नशीब फाशांच्या दानावर सोडायचे. आमच्या भाचेमंडळींनी या खेळाला शिवकालाचा पोशाख चढवला आहे. मागच्या सुटीत थोरल्या भाच्याने आपल्या मावळ्याचा कागद माझ्यापुढे धरला. तलवार, दांडपट्टा, विटा, धनुष्य, बंदूक, वाघनखे – साऱ्यांत निष्णात! वय वर्षे अठरा.

“अरे, हा मावळा आहे की शस्त्रागाराचा हमाल?” मी विचारले.

“पण मामा, तो शूर आहे ना!”

“शूर असेल रे; पण एवढे शिकला कधी? आणि शिकवले कुणी?”

भाचा विचारात पडला. वाचकहो, कादंबरी लिहिणाऱ्याने आणि नाटक बसवणाऱ्यानेही असेच विचारात पडावे, असे मला वाटते. कारण प्रत्येक शस्त्र माणसाकडून काहीतरी मागून घेते.

दांडपट्टाच पाहा. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्याचे पाते लांब आणि लवचीक. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, त्यामुळे मनगट वळत नाही. सारा फिरकावा कोपराचा आणि खांद्याचा. तो थांबत थांबत चालवायचा नसतो, फिरता ठेवायचा असतो. न थांबता बोलणाऱ्याच्या ‘तोंडाचा पट्टा’ सुटतो असे आपण म्हणतो, ते उगीच नाही! पण या पट्ट्याला मोकळी जागा लागते. अंधाऱ्या जिन्यात किंवा माजघरात पट्टा फिरवणारा नायक शत्रूआधी भिंतीवरच वार करील.

कट्यारीचे याच्या उलट. तिची मूठ आडव्या दांड्यांची. ती मुठीत धरली की पाते हाताच्या रेषेत सरळ पुढे येते. ती खुपसण्यासाठीच घडवलेली. नट मात्र ती सुरीसारखी डोक्यावर उगारतो आणि प्रेक्षक टाळ्या देतात! वाघनखांना तर त्याहूनही जवळीक हवी. १६५९ साली प्रतापगडाखाली घडलेल्या भेटीची कथा आपल्याला पटते, ती त्या अंतरामुळेच. वाघनखे हे मिठीच्या अंतरावरचे शस्त्र आहे.

आणि बंदूक? तोड्याच्या बंदुकीत दारू ठासायची, गोळी घालायची, कानावर रंजक टाकायची, पेटता तोडा सांभाळायचा; मग कुठे एक बार निघणार. तेवढ्यात समोरचा घोडेस्वार अंगावर येतो. पावसात तर तोडाच विझायचा. तेव्हा धडाधड बार काढणारा शिवकालीन वीर दिसला, की खुशाल समजावे, लेखकाने त्याच्या हाती चित्रपटातले पिस्तूल दिले आहे.

तलवारीच्या वजनाबद्दलही मोठा गैरसमज आहे. एका हाताने चालवायची तलवार साधारण एक ते दीड किलोची असते. एवढेच? हो, एवढेच. पण तेवढे वजन हात लांब करून पाच मिनिटे पेलून पाहा, म्हणजे खांदा काय ते सांगेल. १६६० सालच्या जुलैत घोडखिंडीत उभे राहिलेले लोक पन्हाळ्यापासून भर पावसात रात्रभर चालून-धावून आले होते. तो प्रसंग करणारा नट ताजातवाना दिसला, तर बाजीप्रभूंचा पराक्रम वाढत नाही, कमीच होतो. थकलेले पाय, निसरडी वाट, घामाने आणि पावसाने ओली झालेली मूठ – हे सारे दिसले तरच त्या उभे राहण्याची किंमत कळते.

कधी कधी तर शस्त्र न चालवताही पात्र उभे करते. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ सालचे नाटक आठवा. राजगायकाला मिळालेल्या त्या कट्यारीबरोबर एक खून माफ असण्याचा अधिकारही येतो. कट्यार जवळ आहे, शिक्षेचे भय नाही; मग हात उचलायचा की आवरायचा? खाँसाहेबांच्या मनातली ही ओढाताण कोणत्याही द्वंद्वयुद्धाइतकीच प्रेक्षकाला खिळवून ठेवते.

म्हणून मी मुलांना सांगतो, पात्राला एकच शस्त्र द्या, पण त्याचा इतिहास द्या. ते बापाचे आहे की लुटीतले? उस्तादाने शिकवले की पोटासाठी शिकावे लागले? पहिला माणूस पडला त्या रात्री त्याला झोप लागली का? ज्याने खरोखर वार झेललेला आहे तो तलवार मिरवत नाही, जपून धरतो.

ही गोष्ट तालमीत तर अक्षरशः खरी आहे. नाटकातली बोथट तलवारही डोळा फोडू शकते. म्हणून प्रत्येक वार आधी ठरवावा, अंक मोजत सावकाश करावा, समोरच्याच्या नजरेला नजर मिळाल्याखेरीज हात उचलू नये. वेग शेवटी आपोआप येतो. उतावळ्या मुलांना हे कंटाळवाणे वाटते. पण समोर उभा असलेला शत्रू घरी कुणाचा तरी लाडका मुलगा आहे आणि नाटक संपल्यावर त्याला धडधाकट घरी जायचे आहे. एवढे ज्याच्या ध्यानात राहते, त्याच्या हातात तलवार आपोआप जबाबदारीने येते. आणि गंमत अशी, की प्रेक्षकांना खरा योद्धा वाटतो तोही हाच!