गेमच्या बाजारातली अडत

वीस वर्षांपूर्वी साताऱ्यात किंवा सांगलीत पीसीवरचा गेम ‘घेणे’ म्हणजे कुणाकडून तरी सीडी उतरवून घेणे. ‘व्हाइस सिटी’, ‘काउंटर-स्ट्राइक १.६’, ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘मोस्ट वाँटेड’ या चार-पाच नावांवर कॉलेजांच्या आसपासचे नेट कॅफे चालत. अस्सल गेमचा डबा हजाराच्या घरात, तोही पुण्या-मुंबईच्या दुकानात. कॉपी पन्नास-शंभर रुपयांत, सोबत ‘क्रॅक’ची फाइल आणि बहुतेक वेळा एखादा व्हायरस. आज पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानांतल्या स्पर्धेची चर्चा स्टीम आणि एपिक या दोन नावांपासून सुरू होते. आपल्याकडचा पहिला स्पर्धक मात्र ही चोरटी सीडी होती, आणि तिला हरवायला स्टीमला बरीच वर्षे लागली.

स्टीम सुरू झाले १२ सप्टेंबर २००३ रोजी. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीला आपल्याच गेमचे अपडेट लोकांपर्यंत पोचवायची सोय हवी होती, त्यातून ते निघाले. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला आणि दुकानातून डबा आणला तरी तो चालवायला स्टीमवर खाते काढायची सक्ती झाली. जगभरच्या खेळाडूंनी शिव्या घातल्या. आपल्याकडे तर प्रश्नच वेगळा. बीएसएनएलचे ‘डेटावन’ २००५ मध्ये आले, वेग २५६ केबीपीएस. त्या वेगाने ५ जीबीचा गेम उतरायला ४० तासांहून जास्त लागत, आणि डेटाची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी संपे. २००७ मध्ये वेग २ एमबीपीएस झाला. रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोफत असणाऱ्या योजनेत तोच गेम एका रात्रीत उतरू शकत होता, मध्ये लाइट गेली नाही तर. भारनियमनाच्या त्या काळात हे ‘नाही तर’ फार मोठे होते.

दुसरी अडचण पैशांची. स्टीमवर भाव डॉलरमध्ये होते आणि परदेशी व्यवहार चालणारे क्रेडिट कार्ड लागे. सांगलीच्या वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलवरचा मुलगा ते कुठून आणणार? नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने भारतासाठी रुपयांत भाव लावले. पाठोपाठ २०१६ मध्ये जिओ आले, मग फायबर घरोघरी पोचले, यूपीआयने पैसे भरता येऊ लागले. प्रकाशकही भारतासाठी वेगळा भाव ठेवू लागले. डिसेंबर २०२० मध्ये आलेला ‘सायबरपंक २०७७’ अमेरिकेत ६० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ४,४०० रुपयांना होता. इथे २,९९९ ला. व्हॉल्व्हचे गेब न्यूएल फार आधीपासून सांगत होते की चोरी ही मुळात किमतीची अडचण नसते, सेवेची असते. आपल्या भागात हे निम्मेच खरे. सेवा सुधारली हे खरेच, पण किंमत रुपयांत आली नसती तर सीडी उतरवणे कुणी सोडले नसते.

आता दुकानांच्या आपसातल्या भांडणाकडे येऊ. हे भांडण मुख्यतः कमिशनचे आहे आणि सांगलीकरांना ते समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. इथल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात. कर्नाटकातली हळदही इथे येते, कारण घेणारे व्यापारी इथे बसलेले असतात. आणि व्यापारी इथे बसतात, कारण माल इथे येतो. मधला अडत्या आपली अडत घेतो. स्टीमचे तेच आहे, फक्त अडत ३० टक्के. गेम बनवणाऱ्याला ती डोईजड वाटते, पण गिऱ्हाईक तिथेच असल्याने दुसरीकडे जाऊन करणार काय?

६ डिसेंबर २०१८ रोजी एपिक गेम्सने समोर दुसरे यार्ड उघडले. अडत १२ टक्के. ‘फोर्टनाइट’ने कंपनीच्या तिजोरीत पैसा ओतला होता, तो इथे लावला. काही मोठे गेम फक्त आपल्याकडे विकायचे म्हणून प्रकाशकांशी करार केले. ‘मेट्रो एक्सोडस’ २०१९ मध्ये असाच स्टीमवरून ऐनवेळी हलला आणि खेळाडू भडकले. शिवाय मोफत गेम वाटायला सुरुवात केली, आधी पंधरवड्याला एक आणि मग दर आठवड्याला. १४ मे २०२० रोजी, टाळेबंदी ऐन भरात असताना, ‘जीटीए ५’ फुकट दिला तेव्हा एपिकचे दुकान काही तास कोलमडले. ज्या पिढीने ‘व्हाइस सिटी’ची कॉपी खेळली, तिच्या धाकट्या भावंडांना त्याच मालिकेतला गेम अधिकृतपणे, शून्य रुपयांत मिळाला.

फुकट वाटपाचा हिशोब पुढे एपिकने ॲपलविरुद्ध भरलेल्या खटल्यात बाहेर आला. पहिल्या नऊ-दहा महिन्यांत ३८ गेम वाटायला एपिकने सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले आणि त्यातून ५० लाखांच्या आसपास नवे खातेदार मिळाले. माणशी अडीच डॉलरही नाही, म्हणजे जाहिरातीपेक्षा स्वस्त. पण हे खातेदार आठवड्याचा प्रसाद घेऊन पुन्हा स्टीमकडेच वळतात, ही एपिकची खरी डोकेदुखी. स्टीमवर एकाच वेळी हजर असणाऱ्यांचा आकडा २०२५ मध्ये ४ कोटींच्या वर गेला. स्वतःची वेगळी दुकाने काढून बसलेले ईए २०१९ मध्ये आणि युबिसॉफ्ट २०२२ मध्ये आपले गेम घेऊन स्टीमवर परतले.

असे का होते? दहा वर्षांत घेतलेले गेम, मित्रांची यादी, खेळलेल्या तासांची नोंद, इतरांची परखड मते, न आवडल्यास पैसे परत मिळण्याची सोय (चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर), हे सगळे एका खात्यात साठलेले असते. ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. २०२४ पासून स्टीमवर एका कुटुंबातले सहा जण एकमेकांचे गेम वापरू शकतात; दोन भावांत एक पीसी असलेल्या घरात याची किंमत फुकटच्या गेमपेक्षा जास्त आहे.

मग अडत कमी झाल्याचा फायदा गिऱ्हाइकाला किती? जवळजवळ नाही. स्टीमवर ज्या भावाला गेम, बहुधा त्याच भावाला एपिकवर. दुसरीकडे स्वस्त विकू नये असा दबाव व्हॉल्व्ह टाकते, असा आरोप करत वुल्फायर गेम्स या छोट्या कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेत खटला भरला आहे. व्हॉल्व्ह हा आरोप नाकारते. फायदा झालाच तर बनवणाऱ्याला. समजा गेम १,१८० रुपयांचा आहे. १८ टक्के जीएसटी वजा जाता हजार उरतात. स्टीमवर त्यातले ७०० बनवणाऱ्याच्या हाती येतात, एपिकवर १२ टक्क्यांच्या दराने ८८०. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ काढला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळवले. अशा मूठभर माणसांच्या स्टुडिओला हजारामागचे १८० रुपये म्हणजे आणखी काही महिन्यांचे पगार.

स्पर्धेचा दबाव स्टीमवर आला नाही असे नाही. एपिक उघडायच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हने दर बदलले: एका गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की त्यापुढच्या विक्रीवर २५ टक्के, ५ कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे मोठ्या बागायतदाराला सवलत आणि अल्पभूधारकाला पूर्ण अडत. मला यातला हा भाग सगळ्यात खटकतो. एपिकने जून २०२५ पासून उलटे केले. प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर अडतच नाही. इथून उद्या कुणी गेम काढणार असेल तर हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गेमिंग कॅफेंना मात्र या भांडणाचे फारसे सोयरसुतक नाही. ‘व्हॅलोरंट’ रायट कंपनीच्या स्वतःच्या लाँचरवरून फुकट मिळतो, कमाई बंदुकांच्या रंगीत ‘स्किन’वर. २०२० मध्ये मुंबईत त्याचा सर्व्हर आला आणि सिंगापूरपर्यंतचा हेलपाटा वाचला. याखेरीज मायक्रोसॉफ्टचा गेम पास आहे, तो मासिक भाड्याचा प्रकार. भाडे थांबले की गेम बंद.

अर्थात विकत घेतलेला गेमही आपला नसतोच. युबिसॉफ्टने मार्च २०२४ अखेर ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांचाही गेम संपला. पाठोपाठ कॅलिफोर्नियात कायदा झाला आणि आता स्टीम पैसे भरतानाच सांगते की तुम्ही फक्त परवाना घेत आहात. अपवाद गॉग या पोलिश दुकानाचा. तिथला गेम कुलूप न लावता मिळतो आणि त्याची फाइल आपल्या हार्ड डिस्कवर जपून ठेवता येते.

पालकांसाठी एक खुलासा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. स्टीम किंवा एपिकवरून गेम विकत घेणे त्यात येत नाही. मुलाने यूपीआयने काही घेतले तर आधी ते गेम आहे की स्किन, एवढे विचारा. आणि खेळणाऱ्यांनो, एपिकचा गेम दर गुरुवारी रात्री बदलतो, तो जरूर घ्या. पण पैसे मोजून घ्यायचा असेल, एकट्याने खेळायचा असेल आणि गॉगवर मिळत असेल, तर तिथूनच घ्या.